अर्धा धागा मोंढ्यात, अर्धा बचत गटात

संपादक महोदय,

दिवाळी अंकांसाठी साहित्य मागवले जाऊ लागले की रहस्यकथांचा ओघ वाढतो. अलीकडे त्यात नवरा-बायकोने मिळून गुन्हा उकलण्याचा प्रकार बराच दिसतो. रक्तपात नाही, गाव ओळखीचे, गुन्हेगारही ओळखीतलाच, आणि तपास करणारे दोघे रात्री एकाच चुलीपुढे भाकरी खाणारे. प्रकार चांगला आहे. पण कथा लातूर-परभणीकडे घडते असे पहिल्या ओळीत सांगून पुढे जे येते ते पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत घडले असते. नवरा विचार करतो, बायको चहा टाकते, ओळखीचा इन्स्पेक्टर फाइल उघडून दाखवतो आणि शेवटी सगळ्यांना बैठकीत जमवून कबुली. यातली बायको काढून टाकली तरी कथेचे काही अडत नाही. मग जोडपे कशाला?

जोडप्याची रहस्यकथा लिहायची तर पुरावा दोन तुकड्यांत हवा. एक तुकडा नवऱ्यालाच मिळेल असा, दुसरा बायकोलाच, आणि सुटे पाहिले तर दोन्ही साधे वाटतील असे. मराठवाड्यातल्या गावात ही सोय आयती आहे, कारण बायामाणसांचे आणि गडीमाणसांचे रस्ते इथे अजून बरेच वेगळे आहेत. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार, अडतीची दुकाने, तलाठ्याचे कार्यालय, पारावरची बैठक एकीकडे. बचत गट, अंगणवाडी, रेशनची रांग, टँकरभोवतीची गर्दी दुसरीकडे. लेखकाने शहाणपणा न दाखवता हे रस्ते फक्त वापरावेत.

समजा, गावच्या हरिनाम सप्ताहासाठी जमवलेली वर्गणी पेटीतून गेली. तपास करणारा नवरा मोंढ्यात मापाडी, म्हणजे माल तोलणारा आहे, बायको बचत गटाची हिशेबनीस. गटात साधारण १० ते २० बाया असतात. कर्जाची परतफेड इतिवृत्तात, कर्ज खातेवहीत आणि सभासदाच्या पासबुकात अशी तीन ठिकाणी लिहिली जाते. एक बाई दर बैठकीला १,००० रुपयांचा हप्ता भरते. या वेळी ती उरलेले सगळे १४,००० एकदम भरते. गटात कोणाला नवल वाटत नाही, कारण हंगाम संपला आहे आणि सोयाबीन विकले असेल असेच सगळ्या धरून चालतात. इकडे मापाड्याला ठाऊक आहे की त्या घरचा माल या वर्षी काट्यावर आलेलाच नाही, रास ताडपत्रीखाली घरातच आहे. मोंढ्यातही कोणाला नवल नाही, अर्धा तालुका भावाची वाट पाहत बसलेला असतो. एकीने सगळे कर्ज एकदम भरले, ते तीन ठिकाणी लिहिता लिहिता हात दुखला म्हणून बायको कुरकुरते आणि दोन प्रकरणांनंतर नवरा आवक कमी असल्याचे बोलतो. ही दोन वाक्ये एका ताटापुढे भेटली की कथा सुरू होते.

इथेच आळशी लेखक आरोपी पकडून मोकळा होतो. जाणता वाचक लगेच विचारेल, पैसे दुसरीकडून आले नसतील कशावरून? पीएम किसानचा हप्ता २,००० आणि नमो शेतकरीचा २,०००, दोन्ही एकाच महिन्यात पडले तरी ४,००० होतात. लाडकी बहीणचे महिन्याला १,५००. तेवढ्याने १४,००० भरत नाहीत. शेळ्या विकल्या असतील तर आठवडी बाजारात पावती फाटते. दागिना गहाण ठेवला असेल तर तो अंगावर दिसणार नाही, आणि हे बायकोलाच कळेल, नवऱ्याला सात जन्मांत कळणार नाही. उसाचे बिल बँकेत येते, त्याची तारीख सगळ्या गावाला पाठ असते. पीक विमा एकट्याला क्वचितच मिळतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही मिळालेला असतो. अशा एकेका वाटेला खिळे ठोकत जाणे हाच कथेचा मधला भाग. तो गाळला की शेवट कितीही चमत्कारिक केला तरी पोकळ वाजतो.

धान्याचा गुन्हा घ्यायचा तर आधी ओलावा समजून घ्यावा. गोदामात ठेवलेले सोयाबीन कमी भरले की लेखक लगेच चोरी झाली म्हणून मोकळा होतो. मोंढ्यात प्रमाण ओलावा १२ टक्के धरतात. कापणीनंतर घाईने आणलेल्या मालात तो १८ टक्केही असतो. १०० किलो अशा मालात कोरडा भाग ८२ किलो. तो १२ टक्क्यांवर आला की वजन ८२ भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ९३.२ किलो. क्विंटलमागे पावणेसात किलो उन्हाने नेले, चोराने नाही. आता ४० क्विंटलची रास वाळून ३६ क्विंटल भरली असे धरा. यातले साधारण पावणेतीन क्विंटल वाळण्यात गेले. उरलेले सव्वा क्विंटल मात्र माणसाने नेले, म्हणजे ६० किलोचे दोन कट्टे आणि वर थोडे. मोठी चोरी समजून गाव ज्या ट्रॅक्टरवाल्यामागे लागले आहे तो सुटतो, आणि दोन कट्टे मोटारसायकलवर नेऊ शकणारा कोणीतरी संशयात येतो. हे गणित वाचकाला आधी दिसायला हवे, निदान १८ आणि १२ हे दोन आकडे तरी. शेवटच्या पानावर पहिल्यांदा ओलावा मोजायचे मीटर काढणे म्हणजे वाचकाची फसवणूक.

भुईकाट्याची, म्हणजे गाडीसकट माल तोलणाऱ्या काट्याची पावतीही अशीच उपयोगी. तिच्यावर वाहन क्रमांक, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ वजन, तारीख आणि वेळ असते. एकाच ट्रॅक्टर-ट्रॉलीचे रिकामे वजन दोन पावत्यांवर वेगळे दिसले म्हणून लगेच बोट दाखवू नये. डिझेलची टाकी भरलेली असली-नसली तर ५० किलोंच्या आसपास फरक पडतो, माणूस बसून राहिला तर आणखी ६०-७०. शंभर-सव्वाशे किलोपर्यंत कोणी ओरडत नाही. अडीचशेचा फरक आला तर ट्रॉलीत काहीतरी राहिले होते. आणि पावतीवरच्या वेळेकडे लेखक फार क्वचित लक्ष देतात. भरलेली आणि रिकामी या दोन वजनांमध्ये माल उतरवायला लागतो तेवढा वेळ गेलेला असायला हवा. चाळीस क्विंटलचे कट्टे दोन हमाल दहा मिनिटांत उतरवत नाहीत.

संशयित कुठे होता हे तपासायला मोबाइलच्या नोंदी मागवण्याची लेखकांना भारी हौस. कंपनीतल्या मित्राकडून कोणाचे कॉल रेकॉर्ड काढणे हा स्वतःच गुन्हा आहे, आपल्या सज्जन जोडप्याने तो करू नये. शिवाय गरजही नाही. रात्री अकराला मोटर चालू करायला गेलो होतो असे कोणी म्हणाला, तर त्या आठवड्यात त्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, तीन फेज वीज दिवसा होती की रात्री, हे अर्ध्या गावाला तोंडपाठ असते. त्याच्या शेतात सौर पंप असेल तर प्रश्नच मिटला, तो सूर्य मावळल्यावर पाणी उपसत नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राची पावती अंगठा लावल्याची वेळ सांगते. एसटीचे तिकीट तर फारच बोलके. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि पंच्याहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत. तेव्हा घटनास्थळी पूर्ण भाड्याचे तिकीट सापडले तर ते बाईचे नाही, सत्तरीच्या आजोबांचेही नाही. यातली खुबी सीमेवर आहे. सवलत राज्याच्या हद्दीपुरती असल्यामुळे उदगीरहून बिदरला जाणाऱ्या बाईला हद्दीपलीकडच्या टप्प्याचे पूर्ण भाडे पडते. उदगीर, देगलूर, उमरगा या भागात कथा घडवणाऱ्याला यात वाचकाला छान चकवा देता येईल.

पण मराठवाड्याचा खरा खजिना जुन्या कागदांत आहे, आणि त्याला फार थोडे लेखक हात लावतात. बनावट खरेदीखत हा आपल्याकडचा जुनाच उद्योग. ते उघडे पाडायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागतोच असे नाही, तारखा पुरतात. जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये. १९७५ च्या कागदावर निलंगा तालुक्यापुढे 'जिल्हा लातूर' लिहिलेले असेल तर तो कागद १९८२ नंतरचा. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव महसुली कागदात अधिकृतपणे धाराशिव झाले ते २०२३ मध्ये. २०१९ च्या करारात ते नाव आले तर लिहिणाऱ्याने आजच्या सवयीने लिहिले आहे. पिन कोड १९७२ मध्ये आला. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून, त्याआधी आणे आणि पै. निजामाच्या राज्यातला कागद असेल तर रक्कम हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात असू शकते. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. सन फसली, म्हणजे महसुली वर्षाचा असतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो, कारण हैदराबाद राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजुर महिन्याने सुरू होत असे. म्हणून फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, आणि १७ सप्टेंबर १९४८ हा मुक्तीचा दिवस त्या वर्षाच्या अगदी शेवटी पडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी ५९० मिळवायचे. जानेवारीपासून पुढे ५९१. खोटा कागद करणारा नेमका इथे घसरतो, कारण तो सरसकट एकच आकडा मिळवतो आणि आठवड्याचा वार चुकवतो.

सातबाऱ्यावरचे नाव रातोरात बदलल्याचे प्रसंगही थांबायला हवेत. नोंदणीकृत दस्त असो की वारसाची नोंद, आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद पडते, संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मंजुरी मंडळ अधिकारी देतो. हरकत आली तर प्रकरण वादाच्या नोंदवहीत जाते. या १५ दिवसांचा लेखकाला मोठा उपयोग आहे, आपल्या जोडप्याला तपासाची मुदत आयतीच मिळते. नोटीस कोणाच्या हातात पडली, ती कोणी उशीखाली दाबून ठेवली, हे घरात वावर असलेल्या बाईला आधी कळेल. चावडीवर लावलेली नोंद वाचणारा नवरा, घरातली नोटीस पाहणारी बायको. पुन्हा दोन तुकडे.

पोलिसांबद्दल थोडक्यात. शेवटच्या प्रसंगात इन्स्पेक्टरला बोलावून त्याच्यासमोर आरोपीला कबूल करायला लावणे कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियम नवा आला, हा नियम मात्र तोच राहिला. त्या कबुलीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. उलट कबुली फक्त या दोघांसमोर झाली तर ती पुराव्यात येऊ शकते, न्यायालय तिच्याकडे सावधपणे पाहते एवढेच. म्हणून फौजदाराला बाहेर ओसरीवर चहा द्यावा आणि आत दोघांनी बोलावे. संशयितही नवरा-बायको असतील तर आणखी एक गाठ आहे. संसारात एकाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट न्यायालयात सांगायची सक्ती करता येत नाही, आणि सांगणाऱ्याची संमती नसेल तर दुसऱ्याला ती उघड करायची परवानगीही मिळत नाही. गुन्हा जोडीदाराविरुद्धच असेल तर गोष्ट वेगळी. दोन जोडपी समोरासमोर ठेवून यावर सुरेख कथा होईल. कोणीतरी लिहावी.

जप्तीच्या वेळी आता ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, तेव्हा नायकाने पुरावा रुमालात गुंडाळून खिशात घालणे सोडून द्यावे. त्याने वस्तू हलवली की तिची किंमत गेली. जिथे आहे तिथे राहू द्यावी, पोलीस पाटलाला बोलावावे, पंच येऊ द्यावेत.

कथेत खून घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. उन्हाळ्यात प्रेत थंड पडले होते त्यावरून मृत्यूची वेळ काढल्याचे वाचायला मिळते. परभणीत मे महिन्यात दुपारी पारा अनेकदा ४२ च्या वर असतो, शरीराचे तापमान ३७. हवाच अंगापेक्षा गरम असेल तर अंग थंड होणार कसे? ताठरपणाही अशा उन्हात लवकर येतो आणि लवकर जातो, त्यामुळे थंड हवेच्या प्रदेशातले ठोकताळे इथे चुकतात. शिवाय घातपाताचा संशय असलेल्या प्रकरणात शवविच्छेदन सहसा दिवसाउजेडीच होते, रात्री दहाला अहवाल हातात पडत नाही. दुसरी गोष्ट फवारणीच्या औषधाची. गंमतीच्या कथेत विष म्हणून ते वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वास आणि डोळ्यांच्या बाहुल्या पाहून प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टरही ते ओळखतो, म्हणजे रहस्य तिथेच संपते. आणि ज्या प्रदेशात त्या डब्याने इतकी घरे उजाड केली तिथल्या वाचकाला त्यावर रंगलेली कथा नकोशी वाटते.

सुटसुटीत गुन्ह्याला मुहूर्त हवा असेल तर लातूर-धाराशिवकडची येळवस आहे. मार्गशीर्ष अमावास्येला सगळे गाव शेतात जाते. कडब्याची कोपी म्हणजे खोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. गावात दिवसभर चिटपाखरू नसते. त्यातून येणारा-जाणारा प्रत्येक जण चार शेतांत जेवून येतो, त्यामुळे अकरा ते चार अमुक माणूस कुठे होता असे विचारले तर प्रत्येकाला वाटते, तो दुसऱ्याच्या कोपीवर होता. खोटे न बोलताही सगळे गाव त्याच्या बाजूने साक्ष देते. हा पेच नवऱ्याला सुटणार नाही, कारण गड्यांनी माणसे मोजलेली नसतात. बायांनी पत्रावळी मोजलेल्या असतात, आणि कोणाच्या भज्जीत या वर्षी काय कमी होते हेही त्यांना पक्के आठवते. चोराला फक्त विचारायचे, कुठे कुठे जेवलात आणि कसे होते?

जोडप्याचे आपसातले बोलणेही जमिनीवर आणावे. खेड्यातली बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही, चारचौघांत 'आमचे हे' किंवा 'पोराचे बाबा' म्हणते, आणि त्याच दमात त्याचा तर्क मोडीत काढते. यात तिचा दबलेपणा शोधायची गरज नाही. नवऱ्याला बावळट दाखवून बायकोला हुशार ठरवणेही तितकेच खोटे. दोघांच्या चुका वेगळ्या असाव्यात. मोंढ्यातला माणूस आकड्यावर विश्वास ठेवतो आणि माणसाला विसरतो. गटाची हिशेबनीस माणसे ओळखते, पण आपल्या गटातल्या बाईवर संशय घ्यायला तिची जीभ रेटत नाही. या आडकाठीमुळे कथा दोन पाने आपोआप लांबते, आणि ती पाने वाचनीय होतात.

शेवटी दिवाळी अंकांच्या संपादकांना, आपल्याद्वारे. तीन हजार शब्दांत पाच संशयित बसत नाहीत. तेवढ्या जागेत तीनच ठेवावेत. पाच हवे असतील तर सहा-सात हजार शब्द द्यावेत, आणि गुन्हा पहिल्या पाचव्या हिश्श्यात घडलेला असावा. मजकूर कापताना तपासातली 'कंटाळवाणी' वाक्ये आधी कापली जातात. आवक कमी होती, हप्ता एकदम भरला, गाडी उशिरा सुटली, ही वाक्ये सहसा त्यातच असतात, आणि ती गेली की शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटतो. कापण्यापूर्वी लेखकाला विचारावे. आणि चित्रकाराला शेवटचे पान वाचायला देऊ नये. आरोपीच्या कपाळावर आठ्या आणि डोळ्यांत लबाडी रंगवलेले चित्र कथेच्या शीर्षकाशेजारीच छापून येते, मग पुढची बारा पाने कोणी कशासाठी वाचायची?

आपले,
दोन नियमित वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड